मनगटावरचा दोरा

१

सकाळी आल्या आल्या काळ्या रंगाची बादली ढवळायची, हा आ-यूचा नेम होता. रात्रीत रंग तळाशी बसतो आणि वर पाणी साचतं. ते पुन्हा एकजीव होईपर्यंत लाकडी पट्टी फिरवत राहायचं आणि तेवढ्या वेळात धक्क्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांचे टोमणे ऐकून घ्यायचे. मग पांढरी बादली. तिसरी बादली त्याच्या कामात कधी नसायची. कितीतरी वर्षं तो शहरोशहरी फिरून मोठमोठ्या भिंती रंगवत होता, पुलांखाली, गोद्यांमध्ये, शाळांच्या इमारतींवर, आणि त्या सगळ्या फक्त काळ्या-पांढऱ्या. "मग ही राखाडी छटा कुठून आणता?" असं कुणी विचारलं की त्याची कळी खुलायची. राखाडी नसतेच, तो सांगायचा. काळे ठिपके कुठे दाट घालायचे, कुठे विरळ. बाकीचं काम बघणाऱ्याचा डोळा करतो.

ही भिंत मात्र त्याच्या स्वतःच्या गावची होती. धक्क्यालगतच्या बर्फाच्या जुन्या कारखान्याची ती पाठ, चार मजले उंच आणि एकही खिडकी नसलेली. गावानं ती देऊ केली तेव्हा काय काढायचं याचा विचार त्याला करावाच लागला नाही. हिवाळ्यात बोय माशांचे थवे उत्तरेकडून तैवानच्या किनाऱ्यानं खाली उतरतात, होड्या निघतात आणि अख्खं गाव निरोप द्यायला जमतं. त्याच्या लहानपणची तशी एक सकाळ. घरोघरी जाऊन त्यानं जुने फोटो गोळा केले. त्यांतली निम्मी माणसं आता नव्हती, निम्मी तिथेच बसून त्याला टोमणे मारत होती. आणि निघालेल्या होडीच्या पुढच्या टोकाला, एका हातात दोरखंडाचं वेटोळं धरून डावा हात उंच केलेला, त्याचा थोरला भाऊ आ-फा.

आ-फा ऐन जवानीत अशाच एका सकाळी गेला आणि परत आला नाही. होडीच्या फळ्या मिळाल्या, तो मिळाला नाही. किनाऱ्यावर उभं राहून त्याच्या नावानं हाका मारल्या, त्याचे कपडे पुरले आणि घराच्या पुढच्या खोलीत वडिलांच्या फोटोशेजारी त्याचा काळा-पांढरा फोटो लावला. आ-यू तेव्हा शाळेत होता. त्यानंतर आईला त्यानं मोकळेपणी हसताना पाहिलं नव्हतं. ती रांधायची, बोलायची, चारचौघींसारखी कुरकुरायची, पण अर्धा कान सदा दाराकडे. खरं सांगायचं तर आ-यू ही भिंत रंगवायला आला होता तो तिच्यासाठी. म्हातारीला एकदा मान वर करून आपल्या थोरल्याकडे बघता यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

२

"मास्तर, चित्र झकासच आहे," गावप्रमुख त्साई एका सकाळी येऊन म्हणाले. माणूस चांगला, पण नको ते सांगायचं असलं की आधी दोनदा घसा खाकरायचा. "पण म्हातारी मंडळी बिथरलीत."

"कशानं?"

"आता बघा. काळ्या-पांढऱ्यात माणसाला भिंतीवर लावतात कधी? गेल्यावर. बोंग-शी मावशी म्हणते, मेल्यानं मला जिवंतपणी फ्रेममध्ये घातलं. तिच्या नवऱ्याचं पोट बिघडलंय, तेही तुमच्याच नावावर आहे."

"मी तिसरा रंग लावत नाही, काका. तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"नका लावू. फक्त जे आहेत त्यांच्या अंगावर काहीतरी लाल टाका, एवढंसं. गेलेत त्यांना राहू द्या तसेच."

आ-यूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन त्यानं आईपुढे पुष्कळ आदळआपट केली. आई अंगणात बसून कालवं फोडत होती. तिची सुरी थांबली नाही.

"टाक की लाल," ती म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या थडग्यावर शेजारी माझंही नाव कोरून ठेवलंय, ते लालच आहे ना? मी गेले की तो लाल रंग खरवडतील. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, ही बाई अजून आहे म्हणून."

"ते थडगं आहे, आई. हे चित्र आहे."

"फरक काय सांग बघू. दोन्हीकडे गेलेले आणि असलेले शेजारी शेजारी उभे."

दुसऱ्या दिवशी त्यानं लाल रंगाचा लहानसा डबा आणला आणि चित्रातल्या प्रत्येक जिवंत माणसाच्या डाव्या मनगटावर एक लाल दोरा काढला, समुद्रावर राखण करणाऱ्या माझूदेवीच्या देवळात बांधतात तसा. माणसं तिप्पट मोठी असल्यानं दोरा बोटाएवढा जाड होता, पण धक्क्यावरून बघताना एक बारीक रेघ दिसायची. एवढ्या काळ्या-पांढऱ्यात ती रेघ डोळ्यांत भरायची. चित्राची वाट लागली असं त्याला वाटलं, पण गाव मात्र खूश झालं. माणसं आपापला दोरा शोधायला येऊ लागली.

"तिचा दोरा माझ्यापेक्षा जाड का रे?" बोंग-शी मावशीनं विचारलं.

"मावशी, तिचं मनगटच जाड आहे."

"हे ऐकलं का गं तू?" असं शेजारणीला ओरडून सांगत मावशी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आईसुद्धा येऊन गेली. तिनं आपला दोरा पाहिला, मग होडीकडे, आ-फाच्या कोऱ्या मनगटाकडे बराच वेळ बघितलं आणि बाजाराला गेली.

३

दोन-चार दिवसांनी आ-यू नेहमीसारखा बादली ढवळत बसला होता. कारखान्यात बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं आणि पत्र्याच्या घसरणीवरून तुकडे होड्यांत ओतले जात होते. त्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो बंद पडला तरच मान वर व्हायची. तो बंद पडला. आ-यूनं मान वर केली आणि आ-फाच्या मनगटावर त्याला लाल रेघ दिसली.

पहिल्यांदा त्याला राग आला. यंत्रावरचा लिएन हा गावातला अट्टल थट्टेखोर. आ-यू तडक त्याच्याकडे गेला.

"मी?" लिएन म्हणाला. "मास्तर, मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चक्कर येते, म्हणून तर खाली बर्फ फोडतो. तुमच्या त्या परांचीवर मी चढेन होय?"

"मग कुणी केलं?"

"भूत म्हणावं तर ते बर्फ फुकट नेईल, रंग कशाला लावत बसेल?" मग त्याचा चेहरा बदलला. "एक सांगू का? त्या भिंतीवर पूर्वी सुरक्षेची घोषणा होती, लाल अक्षरांत. माणूसभर उंच अक्षरं. तुम्ही तिच्यावरच पांढरा मारलाय."

आ-यूचा जीव भांड्यात पडला. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये याची त्याला लाज वाटली. जुना लाल रंग हट्टी असतो. वर पांढऱ्याचे कितीही हात द्या, दमट हवेत तो हळूहळू पाझरत वर येतो. रंगाच्या धंद्यातला हा नेहमीचा ताप. त्यानं परांचीवर चढून तेवढा भाग पॉलिश पेपरनं घासला, प्रायमरचे दोन हात दिले, ते कडकडीत वाळू दिले आणि ठिपके पुन्हा जसेच्या तसे भरले.

दुसऱ्या सकाळी दोरा होता.

त्यानं पुन्हा घासला. या वेळी पुट्टी भरली, वर डांबरी लेप दिला. त्या लेपातून पाणीसुद्धा येत नाही. दोन दिवस ढग होते, लेप नीट धरला, त्यावर त्यानं मनगट पुन्हा रंगवलं आणि काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा रेघ परत आपल्या जागी होती, मनगटाला अगदी गोल वळसा घालून. खालची घोषणा पाझरत असती तर डाग कुठेही आला असता, आकाशात, समुद्रात, कुणाच्या तोंडावर. अक्षराची कड वळसा घालून मनगटावर कशी येईल? आ-यूनं स्वतःला सांगितलं, येते, कधी कधी येते. त्यानं ते इतक्यांदा सांगितलं की दुपारच्या जेवणात मीठ नाही हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

४

ही गोष्ट घरी कळू द्यायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. पण बंदरावर काय लपून राहतं? बोंग-शी मावशीनं पाहिलं आणि ती कालवांची टोपली तशीच टाकून आईकडे धावली.

आई भर दुपारी आली. डोक्यावर टोपी, तिच्याभोवती बांधलेला फुलाफुलांचा रुमाल, हातात काहीच नाही. धक्क्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. यंत्र बंद, होड्या बाहेर, मांजरं सावलीत. ती भिंतीपुढे उभी राहिली. आ-यू परांचीवरून उतरून तिच्याजवळ आला.

"तू काढलास?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं सांग. माझ्यासाठी म्हणून काढला असशील तर मी रागावणार नाही."

इथे त्यानं हो म्हणायला हवं होतं. मग दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण आईपुढे खोटं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"नाही काढला, आई. खालचा जुना रंग वर येतोय."

"बरं," आई म्हणाली. तिनं टोपीचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि परत बांधला. "वर येतोय ना? येऊ दे."

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा पुढच्या खोलीत वडिलांचा फोटो एकटाच होता. शेजारी भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. उदबत्तीच्या धुरानं बाकीची भिंत किती काळवंडलीय हे त्याला आजच दिसलं. आ-फाचा फोटो आईनं चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला होता.

"उद्यापासून त्याच्या नावाची उदबत्ती लावू नकोस," ती म्हणाली. आईनं मुलापुढे हात जोडायचे नसतात, म्हणून ते काम आ-यूकडे होतं. "जिवंत माणसाला उदबत्ती ओवाळणं म्हणजे शिवी आहे."

"आई, अगं इतकी वर्षं झाली."

"मला मोजता येतं," आई म्हणाली आणि तिनं टेबलावर तिसरा वाडगा मांडला.

५

आणि मग आई बदलली. हे सांगताना आ-यूला पुढे नेहमी अडखळायला व्हायचं, कारण ते दिवस वाईट नव्हते. आईनं केस कापून घेतले. तिनं न्हाणीघरातली फुटकी फरशी बदलून घेतली. बाजारात ती पूर्वीसारखी घासाघीस करू लागली आणि मासेवाल्याला म्हणाली, "माझ्याकडे दोन पोरं आहेत जेवायला, शेपटीकडचा नको देऊस." मासेवाल्यानं ते आ-यूला सांगितलं ते हसत नव्हे. एकदा चुलीपाशी ती गुणगुणत होती. आ-यू दारातच थांबला. हा आवाज त्यानं शाळेत असताना शेवटचा ऐकला होता.

तिसरा वाडगा रोज भरून ठेवला जायचा आणि रोज जेवणानंतर आई तो परत ओतून ठेवायची. त्यात काही कमी व्हायचं नाही. आ-यू मुद्दाम बघायचा. कमी होत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो धरून चालला होता.

मग एका दुपारी ते दोघं अंगणात शेंगा सोलत बसले होते. वारा नव्हता. घराच्या आत, न्हाणीघरात कुणीतरी अंगावर पाणी ओतून घेत होतं.

पाण्याचा आवाज ओळखीचा असू शकतो का? हा होता. तांब्या भरायचा, क्षणभर थांबायचं, मग खांद्यावरून एकदम ओतायचा आणि नाकातून जोरात श्वास सोडायचा. समुद्रावरून आलं की आ-फा असाच आंघोळ करायचा, मीठ जाईपर्यंत, बराच वेळ. आ-यूनं आईकडे बघितलं. आई शेंगा सोलत होती. तिच्या ओठांवर हसू होतं आणि ती मान वर करत नव्हती.

"आई, नळ चालू आहे का आत?"

"असू दे. दमून आलाय," आई म्हणाली.

आ-यू उठला. पुढच्या खोलीतून, स्वयंपाकघरातून तो मागे गेला. आवाज दाराच्या पलीकडून येत होता, थांबणं, ओतणं, श्वास. त्यानं दार ढकललं. न्हाणीघर रिकामं होतं. नवी फरशी कोरडी, बादली कोरडी, तांब्या पालथा घातलेला. खिडकीतून ऊन येत होतं. त्यानं वाकून फरशीवर तळहात ठेवला तर ती उन्हानं गरम होती.

शेजारच्या घरातून येत असेल, तो स्वतःशी म्हणाला. मधली भिंत पातळ आहे. शेजारचं घर कैक वर्षं बंद होतं हे त्याला अंगणात येऊन शेंगांपुढे बसल्यावर आठवलं.

६

दुसऱ्या सकाळी तो भिंतीवर गेला तो ठरवूनच, की आज त्या मनगटाकडे जवळून, शांतपणे बघायचं. आतापर्यंत त्यानं फक्त घासलं होतं, नीट बघितलं नव्हतं.

परांचीवर चढून तो हाताच्या पातळीला आला. खाली यंत्र चालू होतं, लिएन कुणावर तरी ओरडत होता, त्यामुळे त्याला धीर होता. त्यानं आधी बोटं बघितली आणि तिथेच थांबला.

आपण घातलेला ठिपका चित्रकाराला ओळखता येतो. आ-यूचा हात ब्रश किंचित डावीकडे ओढतो आणि त्याच्या प्रत्येक ठिपक्याला तिकडे बारीक शेपूट असतं. या हातावरच्या ठिपक्यांना शेपटं नव्हती. आणि हात त्यानं काढला होता तसा राहिला नव्हता. त्यानं चोवीस वर्षांच्या पोराचा हात काढला होता, हाडं दिसणारा, ताठ. आता बोटांची टोकं सुरकुतली होती, कपडे धुऊन उठलेल्या बाईची असतात तशी. तळव्याला सूज होती. मनगट इतकं फुगलं होतं की लाल दोरा त्यात रुतला होता आणि दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं.

त्याला थोडं मागे सरकायचं होतं, पण मागे फक्त हवा होती. त्यानं लोखंडी नळी घट्ट धरली. चेहरा दोन फळ्या खाली होता, चढताना त्यानं तिकडे बघितलं नव्हतं. तिथे उतरून चेहरा बघावा, निदान खात्री करून घ्यावी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याच्या पायांनी साफ नकार दिला.

जे येत होतं ते आईनं निरोप दिला होता ते नव्हतं. ते समुद्रात इतकी वर्षं काढून येत होतं, आणि आईनं त्याच्यासाठी वाडगा मांडला होता.

मग त्यानं विचार केला नाही. छिन्नी-हातोडी घेऊन त्यानं तो अख्खा हात कोपरापासून फोडला, गिलावा सिमेंटपर्यंत उतरवला. दुपारपर्यंत नवा गिलावा लावला आणि पुढचे काही दिवस तो वाळेपर्यंत भिंतीखालून हलला नाही. नंतर त्यानं चित्रच बदललं. आ-फाचा डावा हात आता वर नव्हता. तो होडीच्या काठामागे खाली गेला होता, मनगट दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चेहऱ्यावरून मात्र त्यानं खालूनच, लांब दांड्याचा ब्रश बांधून, टोपीची सावली ओढून घेतली.

दोरा पुन्हा आला नाही. न्हाणीघरही गप्प झालं. आ-यू कित्येक दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपला.

७

आई त्याच्याशी भांडली नाही. ती आली, तिनं भिंत बघितली आणि घरी जाऊन निजली. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं ठीक होतं. "वय झालंय, खायला घाला," त्या म्हणाल्या. खायला घालायचं म्हणजे काय, आ-यूनं पेज केली, बोंग-शी मावशीनं कालवांचं कढण पाठवलं, त्साईंनी शहरातून महागडी डबाबंद फळं आणली. आई चमचाभर घ्यायची आणि ओठ मिटायची. तिचं तोंड भिंतीकडे असायचं. पांघरुणाखाली ती दिवसागणिक लहान होत चालली होती. चारच दिवसांत मावशी आ-यूला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरा, मी पुष्कळजणींना असं जाताना बघितलंय. ही निघालीय."

"काय करू मी, मावशी?"

मावशीनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

त्या दिवशी दुपारी आई स्वतःहून बोलली. आवाज इतका बारीक की त्याला तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला.

"तू वाईट केलंस असं मी म्हणत नाही, आ-यू. तुला भीती वाटली असेल."

"आई, तो दादा नव्हता. मी त्याचा हात जवळून बघितला. तो, तो चांगला दिसत नाही, आई."

"मला काय माहीत नाही?" आई म्हणाली. "इतकी वर्षं पाण्यात राहून कोण चांगलं दिसेल? पोर कसंही आलं तरी आपण दार लावतो का?" तिनं डोळे मिटले. "अगदी दारापर्यंत आला होता रे."

आ-यू तिच्या उशाशी बसून रडला. त्याला आईचा राग आला, आ-फाचा आला, एवढ्या वर्षांत आपल्यासाठी कधी असं कुणी दाराशी थांबलं नाही याचा आला, आणि मग आईचा सुकलेला हात हातात घेतल्यावर सगळा राग कुठल्या कुठे गेला. ती जायला नको होती. बाकी काहीही चालेल, असं तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

तो उठला आणि बंदरावर गेला. काळी बादली त्यानं ढवळलीसुद्धा नाही. टोपीची सावली होती तशीच ठेवून त्यानं होडीच्या काठामागून हात वर काढला, तरुण, हाडं दिसणारा, ताठ, जसा त्याला आठवत होता तसा. ठिपके भराभर पडत गेले. शेवटी त्यानं लाल डबा उघडला. वर साय धरली होती. ती बाजूला सारून त्यानं ब्रश बुडवला आणि स्वतःच्या हातानं, नीट गोल वळसा घालून, भावाच्या मनगटावर दोरा काढला.

"ये रे दादा," तो म्हणाला. "आई वाट बघतेय."

ब्रश धुताना, परांचीवरून उतरताना, धक्क्यावरून घराकडे चालताना त्यानं एकदाही वळून भिंतीकडे बघितलं नाही.

८

घराच्या वाटेवरच त्याला वास आला. बोयाची गाबोळी, त्याच्या पोटातली अंडी, आचेवर भाजली जात होती. ती घरात सणाशिवाय काढत नसत.

आई उठली होती. चुलीपुढे उभी राहून ती गाबोळी परतत होती, अंगात धुवट निळा ब्लाउज, केस विंचरलेले. पातळ झाली होती, एका हातानं ओट्याला धरून होती, पण उभी होती. त्याला बघून तिचा चेहरा असा उजळला की आ-यूला आपण लहान झाल्यासारखं वाटलं.

"आलास? हात धू," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

टेबलावर तीन वाडगे होते. स्वयंपाकघराच्या पडद्याबाहेर, बोळाच्या टोकाला, न्हाणीघरात पाणी पडत होतं. तांब्या भरत होता, थांबत होता, ओतला जात होता.

आ-यू हात धुवायला बोळात गेला आणि बेसिनपुढे उभा राहिला. न्हाणीघर त्याच्या पाठीशी होतं. मागे पाणी थांबलं. कडी सरकल्याचा आवाज झाला आणि त्याच्या घोट्यांना गार हवा लागली. त्या हवेला बंदरातल्या खालच्या पाण्याचा वास होता, ओहोटीला गाळ उघडा पडतो तेव्हा येतो तसा. फरशीवर एक ओलं पाऊल पडलं आणि नंतर दुसरं, हलकेच ठेवल्यासारखं. ते त्याच्या अगदी मागे येऊन थांबलं. पाणी थेंबथेंब गळत होतं. बेसिनवरच्या आरशात बघायला त्याला फक्त नजर उचलावी लागली असती. त्यानं ती नळावर ठेवली.

"आ-यू," स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, भरल्या, खणखणीत आवाजात. "अरे, टॉवेल दे त्याला. तसाच उभा राहील तो, लाजाळू आहे."

पळायला बाहेरचं दार सात-आठ पावलांवर होतं. आई आत गुणगुणू लागली होती. आ-यूनं खुंटीवरचा टॉवेल काढला, दोन्ही डोळे मिटले आणि हात मागे केला.

टॉवेल सावकाश त्याच्या बोटांतून निघून गेला. घेताना एक सुरकुतलेलं, थंडगार बोट त्याच्या बोटाला लागलं, आणि लगेच, त्याला त्रास होऊ नये म्हणून असावं, बाजूला झालं.

"चला, दोघंही या. पेज निवतेय," आई म्हणाली.

"आलो," आ-यू म्हणाला. तो मागे न बघता स्वयंपाकघराकडे निघाला, दारातला पडदा त्यानं बाजूला केला, आणि आत गेल्यावरही, एका माणसाला लागतो त्याहून जरा जास्त वेळ, तो तसाच धरून ठेवला.